आहेराची खोली

निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शन मिळते, निरोपाच्या भाषणात 'आता आराम करा' असंही सांगितलं जातं, पण तो आराम नेमका कुठं बसून करायचा हे कुणी सांगत नाही. आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून बाहेर पडले, हार घालून मुकुंदवाडीतल्या स्वतःच्या घरी आले आणि आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं की या घरात आपल्याला जागाच नाही. बैठकीत पेपर उघडावा तर बायको, आवडाबाई, झाडू घेऊन येत आणि "पाय वर घ्या" म्हणत. पाय वर घेऊन अग्रलेख वाचता येत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकली तर "जायायच्या वाटंत काऊन बसले?" गच्चीवर कायम मिरच्या नाहीतर शेवया वाळत असत आणि तिथं बसणाऱ्याच्या गळ्यात राखणीचं काम आपोआप पडे. दुपारी भिशीच्या बाया आल्या की आप्पासाहेब चपला घालून मुकुंदवाडी स्टेशनवर जात आणि बाकावर बसत. तिथले मास्तर पुढंपुढं "आज कुठं निघाले?" असं विचारायला लागले, तेव्हा त्यांनी तेही सोडलं.

घराला मागच्या बाजूनं एक खोली होती. खिडकी पूर्वेला, खिडकीबाहेर कडुलिंब, वर छताला पंखा. एक आरामखुर्ची, एक स्टूल आणि स्टुलावर रेडिओ, एवढंच आप्पासाहेबांना त्या खोलीत हवं होतं. आयुष्यात त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, आणि हे मागणं तर स्वतःच्याच घरातल्या खोलीचं होतं. अडचण एवढीच होती की खोलीत आधीपासून कुणीतरी राहत होतं. खोलीत आहेर राहत होता.

लग्नं, बारशी, वास्तुशांती, डोहाळजेवणं आणि तेरवीनंतरची गोडजेवणं या सगळ्यांतून हा आहेर वर्षानुवर्षं येत गेला होता. टोपी-टॉवेल, उपरणी, शाली, साड्या आणि ब्लाउजपीस. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं, पण आपल्याकडे त्याचा अर्थ, आणला नाही तर आम्ही काही बोलणार नाही, फक्त ध्यानात ठेवू, असा होतो. आवडाबाईंनी साड्यांचे तीन ढीग केले होते. एक नेसण्यासारख्या, दुसरा नेसण्यासारख्या पण द्यायला काढलेल्या, आणि तिसरा नुसत्याच देण्यासारख्या. या तिसऱ्या ढिगातल्या साड्या आजवर कुणी नेसल्या नव्हत्या आणि पुढंही कुणी नेसणार नव्हतं. एका घरातून दुसऱ्या घरात जाणं, एवढंच त्यांचं काम होतं. टॉवेलांचंही तसंच. अंग पुसायला घेतला तर अंगच त्याला पुसून काढील, इतके ते विरळ होते.

खोली रिकामी करायचं मनावर घ्यायला कारण झाला बन्सी. हा त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "आप्पा, वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर काढायची. साधा नियम आहे." आप्पासाहेबांना नियम आवडत. नोकरी सगळी नियमांवरच झाली होती. या नियमात आपण स्वतःही बसतो की काय, अशी एक शंका त्यांना चाटून गेली, पण त्यांनी ती तिथंच दाबली आणि आवडाबाईंपुढं विषय काढला.

"काढा की," आवडाबाई म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. आहेर टाकत नसतेत, विकत नसतेत, अन् पायपुसणं करत नसतेत. आहेर फकस्त देत असतेत."

"मग देऊन टाकू," आप्पासाहेब म्हणाले. द्यायचं म्हणजे आपल्याकडून जाईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. चाळीस वर्षं मराठवाड्यात लग्नाच्या पंगती जेवलेल्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

पहिली संधी लवकरच आली. आप्पासाहेबांचा चुलतभाऊ रामकिसन गंगापूरला राहतो, त्याच्या पोरीचं लग्न निघालं. एरवी दोघं नवरा-बायको एक साडी आणि एक टोपी-टॉवेल घेऊन जात. या वेळी आप्पासाहेबांनी चादरीत बांधलेलं गाठोडं एस.टी.त चढवलं. मांडवात उतरल्यापासून त्यांनी सपाटाच लावला. रामकिसनला आहेर झाला, त्याच्या भावांना झाला, भावांच्या मेव्हण्यांना झाला, आचाऱ्यालाही एक टोपी मिळाली. बँडवाल्याला टॉवेल दिला तर तो ताशा खाली ठेवून पाया पडला. गाठोडं हलकं होत होतं आणि आप्पासाहेबांना डोळ्यांपुढं कडुलिंब दिसत होता.

मग आवडाबाईंनी रामकिसनच्या बायकोला, सारजाबाईंना, कुंकू लावून साडी दिली. तिसऱ्या ढिगातली, जांभळ्या रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची. सारजाबाईंनी घडी उलगडली, काठ बघितला, आणि भर मांडवात ओरडल्या, "अगं बया! ही तर माझीच साडी! बन्सीच्या जावळाला मी दिलेली!"

आप्पासाहेबांनी मान खाली घातली आणि मांडवातल्या सतरंजीकडे बारकाईनं बघू लागले. पण सारजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "किती जपून ठेवली बाई! घडी बी मोडली नाय! देताना माझ्या लई जिवावर आलतं, सासूबाईनं द्यायला लावली. अशी मनातलं वळखून माघारी आणणारी माणसं आजकाल कुठं मिळतेत?" त्यांनी आवडाबाईंना मिठी मारली आणि नवऱ्याला हाक मारली. "अवो, ऐकलं का? ह्या दोघांना मोकळ्या हातानं लावायचं नाय हां!"

रामकिसनला ते कळलंच होतं. ज्यानं भावकीतल्या सगळ्यांचे कपडे केले, त्याला भावकीतल्या सगळ्यांनी परत कपडे करायला हवेत, यात कुणाला शंका नव्हती. पोरांना गंगापूरच्या बाजारात पिटाळलं गेलं. नवरी वाटेला लावायची राहिली बाजूला, आधी आप्पासाहेबांना पाटावर बसवलं. एकेक जण येऊन टोपी घालत होता, आधीची काढून नवी, नवी काढून आणखी नवी. मेव्हण्यांनी तर आपसात ठरवून शाली आणल्या होत्या. येताना एक गाठोडं होतं, जाताना दोन झाली, शिवाय नारळांची पिशवी वेगळी.

परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं गाठोड्यांकडे बघून लगेजचं तिकीट काढायला सांगितलं. आप्पासाहेब म्हणाले, घरगुती कपडे आहेत. कंडक्टर म्हणाला, "एवढे घरगुती कपडे कुणाचे असतेत? दुकान हाय का तुमचं?" आप्पासाहेबांनी सरकारी नोकरीचा आणि हेडक्लार्कपदाचा उल्लेख केला. "मग तर नियम ठाऊक असंल," कंडक्टर म्हणाला. आप्पासाहेबांनी निमूटपणे लगेज काढलं आणि एक गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीबाहेरची कपाशी बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब आले. तात्यासाहेब समोरच राहतात, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि न विचारता सल्ला देणं हा त्यांचा दुपारचा उद्योग आहे. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "चुकलं तुमचं. नात्यात दिलं की परत येणारच. जिथून परत यायची सोयच नाही अशा ठिकाणी द्या. दौलताबादच्या रस्त्याला वृद्धाश्रम आहे. त्यांच्याकडे द्यायला काय असणार? न्या आणि मोकळे व्हा."

सल्ला बिनतोड वाटला. आप्पासाहेब आवडाबाईंना घेऊन रिक्षानं वृद्धाश्रमात गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी टेबलावरून एक कोरा कागद पुढं सरकवला. "अर्ज करावा लागेल. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. आणि वस्तू स्वतःच्या मालकीच्या आहेत असं लिहून द्या."

आप्पासाहेब दुखावले. आयुष्यभर त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं, आणि लोकांनी इतक्या चमत्कारिक चेहऱ्यानं आपल्याकडे का बघितलं ते त्यांना आत्ता कळलं. शिवाय मालकीच्या प्रश्नावर त्यांची लेखणी खरंच अडखळली. रामकिसनच्या सासऱ्यानं घातलेली, त्याला कुणीतरी दिलेली, त्या कुणीतरीला आणखी कुणीतरी दिलेली टोपी नक्की कुणाच्या मालकीची? शेवटी त्यांनी 'माझ्या ताब्यातील' असं लिहिलं. व्यवस्थापकांनी ते वाचून सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "चालेल. पण असं नुसतं घेता येत नाही. कमिटीच्या हस्ते स्वीकारावं लागतं. रविवारी छोटासा कार्यक्रम ठेवू. आज गाठोडं ठेवून जा."

रविवारी कार्यक्रम झाला. कार्यक्रम म्हटल्यावर देणगीदाराचा सत्कार आलाच. अध्यक्षांनी आप्पासाहेबांच्या दातृत्वावर दोन शब्द म्हणून सुरुवात केली आणि ते शब्द बराच वेळ चालले. मग शाल आणि श्रीफळ झालं, टोपी झाली, आणि देवगिरी किल्ल्याचं चित्र असलेलं काचेचं मोठं थोरलं सन्मानचिन्हही झालं. शाल खांद्यावर पडली तेव्हा आप्पासाहेबांना ती ओळखीची वाटली. शेजारून आवडाबाई हळूच म्हणाल्या, "आपलीच हाय. आपल्याच गाठोड्यातली. गंगापूरच्या मेव्हण्याची."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आश्रमातल्या म्हाताऱ्या बायकांनी आवडाबाईंना घेरलं. घरी आलेल्या बाईला ओटी न भरता पाठवायचं कसं? त्यांनी आपापल्या पेट्या उघडल्या आणि कुठून कुठून जपून ठेवलेले ब्लाउजपीस काढले. नाही म्हणावं तर त्यांचे चेहरे बघवत नव्हते. एका आजोबांनी तर स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून आप्पासाहेबांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "आता माझ्याकडं पाव्हणे येत नाईत हो. तुम्ही आले. घ्या." ती टोपी आप्पासाहेबांनी घरी आल्यावर आहेरात न ठेवता स्वतःच्या कपाटात ठेवली. पण काचेचं सन्मानचिन्ह कुठल्याच कपाटात मावलं नाही, म्हणून ते मागच्या खोलीत गेलं.

तात्यासाहेब संध्याकाळी सन्मानचिन्ह बघायला आले. "सत्काराचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं," त्यांनी कबूल केलं, आणि लगेच म्हणाले, "कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीला का देत नाही?"

आवडाबाईंच्या मते आहेर विकायचा नसतो, पण भांड्यावर घालायला हरकत नसते, कारण तो व्यवहार नव्हे, ती अदलाबदल. त्यांनी लगेच मंगळवारी दारावरून जाणाऱ्या भांडेवालीला थांबवलं. आप्पासाहेबांना वाटलं, ढीगभर कपडे जातील आणि एखादी गाळणी येईल. पण आवडाबाई घासाघीस करायला बसल्या की मागं हटत नाहीत. भांडेवालीनं शपथा घेतल्या, टोपली उचलून निघून गेल्यासारखं केलं, परत आली, कपाळाला हात लावला. शेवटी ती गेली तेव्हा दारात परात, घमेलं, पातेल्यांची उतरंड आणि झाकणाचे डबे उभे होते. आवडाबाईंचा चेहरा फुलला होता. "कसं काय?" त्यांनी विचारलं.

आप्पासाहेबांनी परातीकडे बघितलं. साडीची घडी घालता येते, साडी दाबून बसवता येते. परातीला यातलं काहीच करता येत नाही. भांडी मागच्या खोलीत लावल्यावर खोलीचं दार पूर्वी अर्धं उघडत असे तेही उघडेना. आता खिडकीतला कडुलिंबसुद्धा दिसायचा बंद झाला.

त्या दुपारी भिशी होती. आप्पासाहेब मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. तिथं ऊन होतं आणि कपडे धुण्याचा दगड होता. भिशी उठल्यावर आवडाबाई त्यांना शोधत आल्या.

"इथं काऊन बसले उन्हात?"

"मग कुठं बसू?" आप्पासाहेबांचा आवाज त्यांच्याही नकळत फाटला. "आवडे, सगळ्या जगाचा आहेर या घरात मावतो. एक मी मावत नाही. तू सांग, कुठं बसू मी?"

इतक्या वर्षांत आवडाबाईंनी नवऱ्याला चिडलेलं पाहिलं होतं, रुसलेलं पाहिलं होतं, पण असं केविलवाणं पाहिलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी पदरानं पायरी झटकली आणि त्याही शेजारी बसल्या.

तेवढ्यात मागच्या फाटकातून नजमुन्निसा आल्या. मागच्या गल्लीत राहतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात, आणि आवडाबाईंकडे त्यांचं येणं-जाणं दोन्ही घरांची पोरं शाळेत होती तेव्हापासूनचं. हातात तयार साड्या होत्या.

"क्या भाभी, दोघं इथं काऊन बसले? तब्येत ठीक नै का आप्पाभाईंची?"

आवडाबाईंनी सगळं सांगितलं. गंगापूर सांगितलं, आश्रम सांगितला, भांडेवाली सांगितली. नजमुन्निसांनी मागच्या खोलीच्या दारातून जमेल तेवढं डोकं आत घातलं, आणि बाहेर काढून म्हणाल्या, "मग हे सगळं मेरेकू द्या ना."

आप्पासाहेब सावध झाले. "देईन हो, नजमाबी. पण तुम्ही परत काय द्याल, ते आधी सांगा."

"वापस?" नजमुन्निसा हसल्या. "मायके की चीज कोई वापस करता क्या? तुम्ही बहीण म्हणून द्या, मी मायेरचं म्हणून घेते. अम्मा-अब्बा गेले. नूरमोहम्मद, माझा भाई, हैदराबादला गेला तो उधरकाच झाला. मेरेकू कुणी चोळी करून किती वर्षं झाली, याद बी नै. घरात तीन पोरं, तीन बहुवा, नातवंडं. ब्लाउजपीसचे फ्रॉक होतेत, टॉवेलाचे लंगोट होतेत, साड्यांच्या गोधड्या होतेत. भांडे तो लगतेच लगते. काय बी वाया जाणार नै."

आप्पासाहेबांनी आवडाबाईंकडे बघितलं. असल्या बाबतीत शेवटचा निकाल त्यांचा असे. आवडाबाईंनी थोडा विचार केला, मनातल्या मनात सगळ्या लग्नाकार्यांतून फिरून आल्या, आणि म्हणाल्या, "बरोबर हाय. लेकीकडून परत घेत नसतेत. लेकीचं घेणं लई वाईट."

"म्हणजे परत काही येणार नाही?" आप्पासाहेबांनी पुन्हा विचारलं.

"काही म्हणता काही नाय."

सगळं रीतसर झालं. आवडाबाईंनी नजमुन्निसांना पाटावर बसवलं, तिसऱ्या नव्हे तर पहिल्या ढिगातली हिरवी साडी काढली, बांगडीवालीकडून आणलेल्या बांगड्या हातात भरल्या, हातावर साखर ठेवली. नजमुन्निसांनी साडी कपाळाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग त्यांनी पोरांना हाक मारली. पोरांनी हातगाडी आणली. साड्या गेल्या, शाली गेल्या, परात गेली, पातेल्यांची उतरंड गेली, नारळही गेले. देवगिरी किल्लासुद्धा गेला. थोरल्या सुनेला त्याची काच आवडली होती.

तात्यासाहेब फाटकात उभे राहून सगळं बघत होते. "आप्पासाहेब," ते म्हणाले, "सामान देणं वेगळं, नातं जोडणं वेगळं. विचार केलाय ना?"

आप्पासाहेबांचं लक्षच नव्हतं. ते खोलीत उभे होते. फरशी शहाबादी होती. घर बांधलं तेव्हा आपणच ती पसंत केली होती हे त्यांना आठवलं. खिडकी उघडली, कडुलिंबाचं वारं आत आलं, आणि पंख्याचं बटण दाबलं तर तो चक्क फिरला. आप्पासाहेबांना इतका आनंद झाला की ते खोलीच्या मधोमध फरशीवरच मांडी घालून बसले. आवडाबाईंनी त्यांना उठवलं नाही.

पुढचे दिवस धामधुमीत गेले. भिंतींना रंग दिला, खिडकीला जाळी बसवली. आवडाबाईंनीही मन मोठं केलं आणि भिशीच्या बायांना सांगून टाकलं की मागची खोली आता ह्यांची, तिथं कुणी पर्स ठेवायची नाही. आरामखुर्ची कशी असावी याबद्दल तात्यासाहेबांनी सल्ला दिला. तो न ऐकता आप्पासाहेब एकटेच गुलमंडीला गेले. दुकानदाराला बाजूला करून एकेका खुर्चीत बसून बघितलं, एका खुर्चीत तर डुलकीही लागली, तीच घेतली. दुपारच्या उन्हात रिक्षाच्या मागं खुर्ची बांधली, आणि रस्त्यावरचे लोक आपल्याकडे बघतायत याचं त्यांना प्रथमच काही वाटलं नाही.

खुर्ची डोक्यावर घेऊन ते मागच्या फाटकातून आत आले. आवडाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"हळू बोला. नजमाबी झोपल्यात."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? खोलीत."

आप्पासाहेबांनी खुर्ची खाली ठेवली. "माझ्या खोलीत?"

"मायेरपणाला आल्यात," आवडाबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळीच पिशवी घेऊन आल्या. म्हणल्या, भाभी, साडी मिळाली, बांगड्या मिळाल्या, आता चार दिवस मायेर बी खाते. काय चुकलं त्यांचं? साडी-चोळी केली म्हणजे लेक झाली. लेक झाली म्हणजे मायेराला येणार. चार दिवस लोळंल, खाईल, झोपंल. लेकीला 'नको येऊ' म्हणतेत का?"

"पण तिचं घर मागच्या गल्लीत आहे!"

"मग? लांबचीच लेक मायेराला येती का?"

आप्पासाहेबांना संताप आला. गंगापूरच्या टोप्या, कंडक्टरचं लगेज, 'माझ्या ताब्यातील' असा अर्ज, सगळं एकदम वर आलं. कुठल्याही परिस्थितीत आज स्पष्ट बोलायचं असं ठरवून ते तरातरा खोलीकडे गेले आणि दार लोटलं.

नव्या रंगाच्या खोलीत, पंख्याखाली, शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून नजमुन्निसा झोपल्या होत्या. आप्पासाहेबांनी त्यांना आजवर कायम मशीनपुढं वाकलेलं किंवा हातात साड्या घेऊन घाईघाईनं जाताना पाहिलं होतं. आज हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले होते. सुईनं खरखरीत झालेली बोटं उघडी होती. तोंड किंचित उघडं होतं आणि बारीक घोरण्याचा आवाज येत होता. दार वाजलं तरी त्या हलल्या नाहीत. तीन पोरं, तीन सुना, नातवंडं आणि मशीन यांच्यामधे त्या घरात या बाईला दुपारी आडवं व्हायला कुठं मिळत असेल, असा प्रश्न आप्पासाहेबांच्या मनात आला, आणि उत्तर त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. जे दुखणं त्यांनी निवृत्त झाल्यावर थोडे दिवस सोसलं, ते हिनं जन्मभर सोसलं असणार, आणि तेही कुणाजवळ न बोलता. आप्पासाहेबांचा राग उतरला. त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

एवढ्यात पुढच्या दारातून तात्यासाहेबांचा आवाज आला, "आप्पासाहेब! आली का खुर्ची? पाहू द्या तरी! पाठ ताठ आहे ना तिची? मी सांगितलं होतं..." बोलता बोलता ते थेट मागंपर्यंत आले.

आप्पासाहेबांनी वळून हात वर केला. "हळू, तात्यासाहेब. बहीण आलीय माझी. झोपलीय."

तात्यासाहेबांनी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं, बाहेरच्या नव्या खुर्चीकडे बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं. मी बोललो होतो, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "किती दिवस?"

"काय माणूस आहात तुम्ही," आप्पासाहेब म्हणाले आणि दार अलगद ओढून घेतलं. "माहेराला आलेल्या पोरीला कुणी असं विचारतं का?"